दुरेघी

पार्सलवाल्याच्या चिठ्ठीवर नवऱ्याने सही केली आणि मला ती दिसलीच नाही. सकाळचे नऊ वाजत होते. मी ह्यांचा एक मोजा हातात घेऊन दाराशी आले, तर पार्सलवाला म्हणत होता, "काका, सही करा की." "केली ना," हे म्हणाले. मग आम्ही तिघंही त्या कागदावर वाकलो. कोरा, पिवळट कागद, आणि खालच्या कोपऱ्यात काहीतरी होतं. पेन चालतं का बघायला आपण टोक घासतो ना, तेवढं. "असू दे, असू दे," म्हणत पार्सलवाल्याने चिठ्ठी खिशात घातली आणि तो जिना उतरून गेला. हे पार्सल काखेत मारून आत गेले. मी मात्र दारातच उभी राहिले. सव्वीस वर्षं मी बँकेत सह्या तपासायच्या टेबलावर बसले आहे. एक सही पारखायला मला तीन सेकंद पुरतात, हिला तर तेवढेही लागले नाहीत. हा हात दीड वर्षापूर्वीचा होता. ऑपरेशनच्या आधीचा. उलट थोडा आणखी आकसलेला.

बारा वाजता आम्हाला हॉस्पिटलमध्ये पोचायचं होतं, आज पाकीट उघडणार होतं. नऊ वर्षांपूर्वी ह्यांना पार्किन्सन असल्याचं निदान झालं आणि दीड वर्षापूर्वी डोक्याला दोन भोकं पाडली, एक उजवीकडे, एक डावीकडे. डॉक्टरांनी तेव्हा समजावून सांगितलं होतं की मेंदूतल्या काही पेशी एक रसायन बनवतात, त्या मरत जातात, म्हणून हातपाय ऐकेनासे होतात. आता प्रयोगशाळेत मूळ पेशी घेतात, म्हणजे पुढे काय व्हायचं ते अजून न ठरलेल्या, त्यांना ती मेलेल्यांची विद्या शिकवतात आणि मेंदूत नेऊन सोडतात. रुजल्या तर रसायन पुन्हा बनू लागेल. रुजल्या तर. हा प्रयोग आहे, उपचार अजून नाही, हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की शेवटी आम्हीच त्यांना धीर दिला. आणि सगळ्यांना पेशी मिळणारच नव्हत्या. निम्म्यांना पेशी, निम्म्यांना नुसतंच भोक, तेही कवटीच्या वरच्या थरापुरतं, आत काहीही न घालता बुजवलेलं. कुणाच्या वाट्याला काय आलं हे ना रोग्याला सांगायचं, ना त्याला तपासणाऱ्यांना. अठरा महिन्यांनी पाकीट उघडायचं. ज्यांना रिकामं भोक मिळालं असेल त्यांना मग, तब्येतीने साथ दिली तर, खऱ्या पेशी घेण्याची मुभा. संमतीच्या एकतीस पानांत हे सगळं लिहिलेलं होतं आणि मी एकतीसच्या एकतीस पानं वाचली होती, कारण न वाचता सही करू देणं माझ्या रक्तातच नाही. ह्यांनी प्रत्येक पानावर सही केली. पहिल्या पानावरची सही अगदी जपून, ठसठशीत, आणि एकतिसावी तिच्या निम्मी. त्या दिवसापासून मी एकच मागत आले होते, की ह्यांच्या डोक्यात काहीतरी खरं गेलेलं असू दे. ह्यांना आंघोळ घालताना केसांत बोटं फिरवली की ते दोन खळगे लागायचे. मी बोट ठेवून मनातल्या मनात म्हणायची, उठा आता, किती झोपाल. वेडेपणाच, पण आंघोळीच्या पाण्यात कुणाला ऐकू जातंय.

हे पेंटर. चित्रं काढणारे नव्हेत, पाट्या रंगवणारे. आमच्या भागातल्या निम्म्या दुकानांवर ह्यांचं अक्षर आहे, त्यामुळे सगळे त्यांना पेंटर म्हणतात, आणि चिडले की मीही. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी रविवारी मी ह्यांच्याबरोबर पाट्यांवर जायची. काम एकच, खडूच्या भुकटीत घोळवलेल्या सुताचं दुसरं टोक ताणून धरायचं. हे मधोमध चिमटीत सूत उचलायचे आणि सोडायचे, फट्. पाटीवर सरळसोट पांढरी रेघ. मग बोटांनी अंतर घेऊन खाली दुसरी. आधी दोन रेघा, मग अक्षर, असा त्यांचा नेम होता. रेघ नसेल तर अक्षर दारू पितं म्हणायचे. दहा वर्षांपूर्वी एका सलूनवाल्याला काचेवर नाव लिहून हवं होतं. त्या काचेवर खडूचं सूत काही धरेना, म्हणून ह्यांनी अंदाजाने लिहिलं. 'केशकर्तनालय'. 'के' वीतभर उंच, आणि मग अक्षरं एकेक पायरी उतरल्यासारखी बसत गेली, शेवटचे 'लय' चार बोटांचे. सलूनवाला हसून म्हणाला, "पेंटर, केस कापायचं दुकान आहे, अक्षरं कापायचं नाही." मीही हसले. म्हटलं, "जागा पुरली नाही वाटतं तुम्हाला." हे काचेपासून चार पावलं मागे गेले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जागा होती." मला तो आवाज अजून आठवतो. तेव्हा मी तो ऐकला आणि सोडून दिला, कारण मला घरी जाऊन कुकर लावायचा होता.

ऑपरेशननंतर हॉस्पिटलने एक वही दिली होती. दिवसभरात हात केव्हा चालला, केव्हा अडला ह्याच्या खुणा तिच्यात करायच्या, आणि रोज सकाळी गोळीच्या आधी एक वाक्य लिहायचं. रोज तेच वाक्य, 'आज मी हे माझ्या हाताने लिहीत आहे.' वही कोऱ्या पानांची होती. सात महिने मी ते वाक्य रोज पाहिलं. डावीकडे बऱ्यापैकी निघायचं आणि 'आहे'पर्यंत जाताना धूळ व्हायचं. मग वही संपली. मी कोपऱ्यावरच्या दुकानात गेले, तिथे कोऱ्या पानांची वही नव्हती. ह्यांना फोन केला, म्हटलं, एकरेघी आहे, दुरेघी आहे, कुठली आणू?  हल्ली बोलायला ह्यांना वेळच लागतो, म्हणून मी थांबले. "दुरेघी आण," हे म्हणाले. पहिलीतल्या मुलांची वही, वर बदकाचं चित्र. मी चेष्टा केली, चला, पुन्हा श्रीगणेशा. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाक्य उभं होतं. 'आज'पासून 'आहे'पर्यंत सगळी अक्षरं एका उंचीची, एका जातीची, जणू पाटीच. मी बँकेतलं भिंग काढलं, फूटपट्टी लावली. आदल्या आठवड्यात अक्षर जेमतेम दीड मिलिमीटर होतं, आता साडेचार. फरक दिसायला सहा महिने तरी लागतील असं डॉक्टर म्हणाले होते, सात झालेच होते, म्हणजे सगळं जुळत होतं. मी स्वयंपाकघरात गेले, ह्यांना ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला आणि पोटभर रडले. मग मुलीला फोन केला. ती दुसऱ्या शहरात असते. म्हणाली, "आई, तू स्वतः मोजलंस?" म्हटलं, "मी मोजलं." "मग झालं तर," ती म्हणाली आणि तिकडे तीही रडायला लागली. आमच्या घरात मी मोजलं म्हणजे विषय संपला. तिने ते सासरी सांगितलं, ऑफिसात सांगितलं, बाबा बरे होतायत, आईने मोजलंय.

मी नोकरीला लागले तेव्हा मला शिकवणारे साहेब म्हणायचे, बाई, कागदाकडे बघू नका, शाईकडे बघू नका, माणसाच्या तोंडाकडे तर मुळीच बघू नका, फक्त अक्षर बघा. ते मी इतकं मनावर घेतलं की सव्वीस वर्षं कागद पाहिलाच नाही. पार्सलवाला गेल्यावर मी आतल्या खोलीत जाऊन ती बदकाची वही उघडली आणि पहिल्यांदा कागद पाहिला. निळ्या दोन रेघा, मग मोकळी जागा, मग पुन्हा निळ्या दोन रेघा. फूटपट्टी लावली. दोन रेघांमध्ये साडेचार मिलिमीटर. अक्षराने वरच्या रेघेला डोकं लावलं होतं आणि खालच्या रेघेवर पाय टेकले होते, दुसरं काही केलं नव्हतं. अकरा महिने मी वहीच्या छापील रेघा मोजत होते. हात सुधारलाच नव्हता. मला एवढी लाज वाटली की मी वही उशीखाली सारली, चोरीचा माल असल्यासारखी.

आणि एकदा एक खोटी सही सापडली की बाकीचे सगळे कागद पुन्हा काढायचे असतात, तशी मी तिथेच पलंगावर बसून सगळे पुरावे पुन्हा तपासायला लागले. चहा आता सांडत नाही. कारण मी कप अर्धाच भरते. शर्टाची बटणं लावायला पूर्वी पाऊण तास लागायचा, आता सदरा दोन मिनिटांत अंगात. कारण सहा महिन्यांपूर्वी मीच बिनबटणांचे सदरे आणले. घरात पाय अडत नाही, खाटेपासून न्हाणीघरापर्यंत चांगले पाय टाकत जातात. टाकत जातात खरे, पण ते प्रत्येक फरशीच्या सांध्यावर नजर ठेवून, एकेक सांधा ओलांडत. हे तर मी कित्येकदा पाहिलं होतं आणि मला वाटलं होतं, पडू नये म्हणून जपतायत. सगळीकडे रेघाच होत्या. मध्यंतरी एका दुपारी हे खिडकीशी उभं राहून शीळ घालत होते, ती दुपार तेवढी मला कशावरही ढकलता येईना. ती मी खरी म्हणून बाजूला ठेवली. एवढ्यात बाहेरून हाक आली, "तपासनीस, दुसरा मोजा कुठे हरवला?" हे मला तपासनीस म्हणतात. मोजा माझ्याच हातात होता. मी जाऊन ह्यांच्या पायाशी बसले, मोजा चढवला, टाच नीट केली. विचारावंसं वाटलं, तुम्हाला माहीत होतं का हो? वर पाहिलं तर हे नेहमीसारखेच होते, चेहरा हलत नाही, फक्त डोळे माझ्या डोक्यावर कुठेतरी. मी चपला आणायला उठले.

मग आम्ही टॅक्सीत बसलो. सिग्नलला गाडी थांबली होती, बाजूच्या खांबावर ह्यांच्याच हातची एक जुनी पाटी होती, 'येथे छत्र्या दुरुस्त होतात', आणि तिच्याकडे बघता बघता मला एकदम कळलं की मी इतके दिवस चुकीचं मागत होते. पाकिटात 'पेशी' असं निघालं, तर हे जे आहे तेच पेशींनी केलेलं. आकसलेली सही, अडलेला पाय, अर्धा कप चहा, हीच सुधारणा. दार एकच होतं आणि आम्ही त्यातून येऊन बसलो. पण पाकिटात 'रिकामं' निघालं तर अजून काही झालेलंच नाही, अजून सगळं व्हायचंय, दार तसंच उघडं आहे, ह्यांची पाळी यायची आहे. अठरा महिने ज्या गोष्टीच्या भीतीने मी झोपले नव्हते ती आता मला हवी होती. रिकामं असू दे. मी ह्यांच्या टोपीकडे बघत होते, तिच्याखालच्या त्या दोन खळग्यांकडे, ज्यांच्याशी मी अठरा महिने बोलले होते. तुम्ही तिथे नसलेल्याच बऱ्या. कुणी नसू द्या आत. ह्यांचा डावा हात मांडीवर थडथडत होता, मी तो माझ्या दोन्ही हातांत धरला, तर माझे हातही त्याच्याबरोबर हलायला लागले. फोनवर मुलीचा मेसेज आला होता. 'आधी मला. बाकी सगळ्यांना नंतर.'

हॉस्पिटलची मार्गिका लांबलचक, गुळगुळीत, एकसंध. सांधा म्हणून कुठे नाही. लिफ्टमधून बाहेर पाऊल टाकलं आणि हे थिजले. पुढचं पाऊल उचलायला निघतं, टाच सुटते, पण चवडा जमिनीला डकवल्यासारखा तिथेच. मागून एक स्ट्रेचर आलं, वॉर्डबॉय "बाजू, बाजू" म्हणाला. बाजूला तरी कसं व्हायचं? मी ह्यांच्या पुढे गेले आणि माझं पाऊल आडवं करून ह्यांच्या पावलांसमोर ठेवलं. "ओलांडा," म्हटलं. हे एका दमात ओलांडून आले. मी पुन्हा पुढे, पुन्हा पाऊल आडवं. असे आम्ही त्या मार्गिकेतून निघालो, मी खेकड्यासारखी, हे माझ्यामागून, माणसं वळून बघतायत. चौथ्या की पाचव्या पावलाला हे म्हणाले, "एवढी मोठी रेघ घरून आणलीस होय." मी हसले आणि हसता हसता मला भरून आलं, म्हणून मान खाली घालून पुढची रेघ टाकली.

डॉक्टरांच्या खोलीत डॉक्टर होते आणि अभ्यासाच्या फाइली सांभाळणारी ती मुलगी होती, पहिल्या दिवसापासूनची, जिने ती एकतीस पानं आमच्यापुढे उलटली होती. पाकीट म्हणजे खरंच एक पाकीट होतं, ह्याचं मला उगाचच आश्चर्य वाटलं. डॉक्टरांनी ते कात्रीने कापलं, आतला कागद वाचला, आणि त्यांनी तोंड उघडायच्या आधी मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे डॉक्टरांकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते. "तुम्हाला पेशी मिळाल्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "अभिनंदन!" फाइलवाली मुलगी म्हणाली. बिचारी मनापासून म्हणाली. मी हसले. खोटी सही पकडली की समोरच्या माणसाला संशय येऊ नये म्हणून आम्ही जसं हसून आत जातो, साहेबांना घेऊन येतो, तसं हसले, फक्त मला आत जायला जागा नव्हती. डॉक्टरांनी स्कॅन दाखवला. पेशी जिवंत होत्या, जागेवर होत्या. "पण तपासणीच्या गुणांमध्ये फारसा फरक नाही," ते म्हणाले. "काहींना दोन वर्षं लागतात, काहींना तीनही. आपण बघत राहू." हे त्यांनी संगणकाच्या पडद्याला सांगितलं. माझ्या तोंडून निघून गेलं, "पुन्हा घालता येतील का हो?" डॉक्टरांनी मान हलवली. "ह्या अभ्यासात नाही. ज्यांना मिळाल्या त्यांना पुन्हा नाही." म्हणजे त्या ह्यांच्या डोक्यात जिवंत होत्या. मी हाका मारत होते तेव्हा तिथेच होत्या. ऐकून पडून राहिल्या होत्या. एवढा राग मला आयुष्यात कुणाचा आला नसेल, आणि तो काढायचा तर ह्यांच्या डोक्यावरच काढायला हवा होता.

"इथे एक सही लागेल," फाइलवाली मुलगी म्हणाली, "निकाल कळल्याची." तिने एक कोरा कागद ह्यांच्यापुढे सरकवला, फक्त वर दोन ओळी छापलेल्या, आणि शेजारी ते जुनं पहिलं पान उघडून ठेवलं. "सही आधीसारखीच हवी हं काका. जुळली नाही तर वरचे लोक परत पाठवतात." माझंच वाक्य. सव्वीस वर्षं मी ते काचेआडून लोकांना ऐकवलं होतं, कापऱ्या हातांच्या म्हाताऱ्यांनासुद्धा. ह्यांनी पेन घेतलं. टोक कागदापर्यंत गेलं आणि थांबलं. मला वाटलं, आता उतरेल ते पार्सलवाल्याच्या चिठ्ठीवरचं, आता ही मुलगीही वाकून बघेल. ह्यांनी कागद हळूच माझ्याकडे सरकवला.

"दोन रेघा मारून दे," हे म्हणाले.

मी पर्समधून पेन्सिल काढली. कोणाशी बोलतेय ते न कळल्यासारखी कागदाकडे बघतच विचारलं, "किती अंतर ठेवू?"

"वहीत आहे तेवढं."

डॉक्टर पडद्यावर काहीतरी टाइप करत होते. मी ह्यांच्याकडे पाहिलं. "सांगणारच होतो," हे म्हणाले, एकेक शब्द ओढत, ह्यांचा आवाजही आता अक्षरासारखाच झाला आहे. "त्याच दिवशी. पण तू नळ सोडून रडत होतीस."

चष्म्याच्या डबीची कड लावून मी पहिली रेघ ओढली, मग नजरेने अंतर घेऊन दुसरी. रेघा सरळ आल्या. कागद परत ह्यांच्यापुढे ठेवला आणि, का कोण जाणे, त्याचा एक कोपरा बोटाने ताणून धरला. ह्यांनी सही केली. सावकाश, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत एका उंचीची, पाटीवर करायचे तशी. फाइलवाल्या मुलीने दोन्ही पानं शेजारी शेजारी धरली. "हुबेहूब!" ती म्हणाली. मग एकदम आठवून माझ्याकडे वळली, "काकू, तुम्ही तर ह्यातल्याच ना? जुळते की नाही सांगा." मी चष्मा लावला. तीन सेकंद पाहिलं. "जुळते," म्हटलं. तिच्याकडे खोडरबर मागितला आणि शाई वाळल्यावर दोन्ही रेघा पुसून टाकल्या.

पर्समध्ये फोन वाजायला लागला. मुलीचा. मी तो हातात घेतला आणि तसाच वाजू दिला.

"घे," हे म्हणाले. "सांग तिला, पेशी मिळाल्या."

मी फोन उचलला आणि तेवढंच सांगितलं.